आधी भाडेकरू पाहा, मग घर

भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातात आले, की बडोद्यातल्या मराठी घरांत एक सल्ला हमखास दिला जातो: एक फ्लॅट घेऊन ठेवा, भाडं सुरू राहील आणि घराची किंमतही वाढत जाईल. रेल्वेत, रिफायनरीत, विद्यापीठात किंवा बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तो पटतोही. घर डोळ्यांसमोर उभं असतं, त्याची किल्ली हातात असते. मग एखाद्या रविवारी दलालाच्या गाडीतून वाघोडिया रोड, गोत्री, भायली, न्यू समा अशी फेरी होते. सॅम्पल फ्लॅटमधल्या टाइल्स, बाल्कनी, ओटा सगळ्यांना आवडतो. टोकन दिलं जातं. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: इथे भाड्याने राहायला येणार कोण, आणि तो इथेच का येईल?

माझं सांगणं एवढंच आहे की हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. स्वतः राहण्यासाठी घेतलेलं घर आपल्या आवडीचं असावं. भाड्यासाठी घेतलेलं घर भाडेकरूच्या गरजेचं असावं. पहिल्यांदा गुंतवणूक करणारे बहुतेक जण स्वतःला आवडेल असं घर घेतात आणि मग ते दुसऱ्याला आवडावं म्हणून वाट बघत बसतात.

आधी हिशेब करू. समजा ४५ लाखांचा तयार दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. गुजरातेत दस्तावेजावर ४.९ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे २ लाख २० हजार ५०० रुपये. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे ४५ हजार. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर ही नोंदणी फी माफ होते, म्हणून घर पत्नीच्या किंवा मुलीच्या एकटीच्या नावावर घेण्याचा विचार आधीच करावा. वकील, दलाली, पंखे-दिवे, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या धरून आकडा साधारण साडेअठ्ठेचाळीस लाखांवर जातो. भाडं महिना १४ हजार धरलं आणि वर्षातला एक महिना घर रिकामं राहील असं मानलं, तर वर्षाला हाती येतात १ लाख ५४ हजार. त्यातून सोसायटीचं मेंटेनन्स महिना १,२०० प्रमाणे १४,४००, घरवेरा (मालमत्ता कर) ६ हजार, दलालाला अर्ध्या महिन्याचं भाडं ७ हजार, रंग आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे १५ हजार. उरतात १ लाख ११ हजार ६००. साडेअठ्ठेचाळीस लाखांवर हे २.३ टक्के झाले. आयकर अजून यात धरलेलाच नाही.

कर्ज काढून घेतलं तर चित्र आणखी वेगळं दिसतं. ३६ लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण ३१ हजार २०० रुपये येतो. भाडं १४ हजार. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ असं जो सांगतो त्याला हे दोन आकडे शेजारी लिहून दाखवावेत. दर महिन्याला १७ हजार रुपये खिशातून जाणार, आणि घर रिकामं असेल त्या महिन्यात पुरे ३१ हजार. सहा महिने भाडं आलं नाही तरी हप्ता भरता येईल एवढी रक्कम बँकेत बाजूला नसेल, तर भाड्यासाठी घर घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

याचा अर्थ घर घेऊच नये असा मी काढत नाही. भाडं वाढत जातं, हप्ता साधारण तेवढाच राहतो, आणि चांगल्या वस्तीतल्या जागेची किंमत दहा-पंधरा वर्षांत वाढूही शकते. पण ती वाढ ही आशा आहे. खात्री फक्त भाड्याची, तीही भाडेकरू असेल तोवर. म्हणून भाडेकरूपासूनच सुरुवात करावी.

बडोद्यात भाड्याचं घर शोधणारे लोक एका प्रकारचे नाहीत, आणि शहराच्या प्रत्येक दिशेला ते बदलतात. फतेगंज, प्रतापगंज, निझामपुरा या भागांत १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात. पूर्वेला वाघोडिया रोडवर लिमड्याचं पारुल विद्यापीठ, पिपरियाचं सुमनदीप विद्यापीठ यांचे विद्यार्थी, शिवाय लार्सन अँड टुब्रोच्या नॉलेज सिटीत काम करणारे तरुण इंजिनिअर. दक्षिणेला मकरपुरा जीआयडीसी. तिथल्या छोट्या कारखान्यांतले सुपरवायझर, फिटर, हिशेबनीस यांना मांजलपूर, तरसाली, मकरपुरा इथे परवडणारी जागा हवी असते. पश्चिमेला अलकापुरी, गोत्री, वासणा-भायली इथे डॉक्टर, बँकेचे बदलीवर आलेले अधिकारी, कंपन्यांचे मॅनेजर. उत्तरेला कोयलीची रिफायनरी आणि फर्टिलायझरनगरची जीएसएफसी आहे, म्हणून छाणी-बाजव्याकडे भाडेकरू मुबलक असणार असं नवख्याला वाटतं. पण या दोन्ही ठिकाणी कायम नोकरीतल्या बऱ्याच लोकांना कंपनीचीच वसाहत आहे. बाहेर घर शोधतात ते मुख्यतः कंत्राटदारांचे लोक, शटडाउनच्या कामावर काही महिन्यांसाठी आलेले. त्यांना सामानासकट घर लागतं आणि ते लवकर जातात.

विद्यार्थ्यांना घर देण्यात रक्कम जास्त दिसते. दोन बेडरूममध्ये चार मुलं राहिली तर एका कुटुंबापेक्षा भाडं जास्त मिळू शकतं. पण एप्रिल-मेमध्ये परीक्षा संपली की घर रिकामं होतं आणि पुढची मागणी जून-जुलैत प्रवेश सुरू झाल्यावरच येते.  म्हणून अशा भागात करार जुलैत सुरू होईल असा बेत ठेवावा. दुसरी गोष्ट सोसायटीची. अनेक सोसायट्यांनी ‘बॅचलर’ना घर द्यायचं नाही असा ठराव केलेला असतो, आणि तो खरेदीनंतर कळतो. टोकन देण्याआधी सेक्रेटरींना भेटून हे स्पष्ट विचारावं, जमलं तर ठराव पाहावा.

मकरपुऱ्याच्या बाजूचा फिटर किंवा हिशेबनीस भाडं कमी देतो, पण मुलाची शाळा जवळ असेल तर पाच-सात वर्षं हलत नाही. पहिल्या गुंतवणुकीसाठी माझी पसंती या भाडेकरूला आहे. त्याला लागतं ते एक बेडरूमचं घर किंवा टेनामेंटचा वरचा मजला, वेगळा जिना, वेगळा मीटर, दुचाकीला जागा आणि चोवीस तास पाणी. त्याला क्लबहाउस नको, कारण त्याचं मेंटेनन्स त्याला परवडत नाही. लहान घराला किमतीच्या मानाने भाडं जास्त मिळतं हे कुठल्याही शहरात दिसतं. तीन बेडरूमच्या फ्लॅटची किंमत एका बेडरूमच्या तिप्पट असली, तरी भाडं क्वचितच तिप्पट असतं.

दलालाच्या बोलण्यात हल्ली नवा मुद्दा असतो: बुलेट ट्रेनचं स्टेशन, दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवे, आणि हरणीजवळचा विमानांचा कारखाना. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या जुळणी प्रकल्पाचं उद्घाटन झालं. हवाई दलाने मागवलेल्या ५६ विमानांपैकी ४० इथे तयार व्हायची आहेत. ही शहरासाठी खरोखर मोठी गोष्ट आहे. पण घरांच्या किमती बातमीबरोबर चढतात, भाडं मात्र माणसं प्रत्यक्ष कामाला लागून पगार घेऊ लागली की मगच चढतं. या दोहोंमधली वर्षं मालकाने आपल्या खिशातून काढायची असतात. बातमी ऐकून घर घेणारा आजच पुढच्या दहा वर्षांची किंमत मोजून बसतो.

आता विश्वामित्री. बडोद्यात भाड्याचं घर घेताना या नदीचा विचार न करणं मला अक्षम्य वाटतं. पावागडच्या बाजूने येणारी ही लहान नदी शहराच्या मधून वळणं घेत जाते, वर आजव्याचं सयाजी सरोवर आहे, आणि पावसाळ्यात दोन्हींचं पाणी एकदम आलं की काठचे भाग बुडतात. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २५ फुटांच्या आसपास मानली जाते. समा, फतेगंज, कारेलीबाग, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा अशा अनेक वस्त्यांत पाणी घरांत शिरलं, काही ठिकाणी ते दोन-तीन दिवस उतरलं नाही. लोकांनी मगरी रस्त्यावर पाहिल्या.

अशा वस्तीत घर बघायला जाल तेव्हा हॉल आणि किचन नंतर पाहा. आधी जिन्याखाली जा. तिथे एमजीव्हीसीएलच्या मीटरची पेटी असते. तिच्या खालच्या कडेला मातकट रेघ आहे का, स्क्रू गंजलेत का, पेटी नवी आहे आणि भिंत जुनी असं दिसतंय का, ते पाहा. लिफ्टच्या खड्ड्यात डोकावा. कंपाउंडच्या भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंतच नवा रंग असेल तर तो का लावला ते विचारा. तळमजल्यावरच्या फर्निचरच्या पायांना खाली विटा लावलेल्या दिसल्या तर कुणालाही विचारायची गरज उरत नाही. आणि मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा की २०१९ ला पाणी कुठवर होतं आणि २०२४ ला कुठवर. दलाल एक सांगेल, विक्रेता दुसरं सांगेल, किराणावाला दुकानाची फळी दाखवून सांगेल. त्याचं खरं धरा.

पूर आलेल्या घरात नुकसान फक्त भिंतींचं होत नाही. भाडेकरू निघून जातो, पुढचा भाडेकरू भाव पाडून मागतो, आणि दर पावसाळ्यात हीच भीती परत येते. तळमजल्याचा फ्लॅट दहा टक्के स्वस्त मिळाला तरी पहिल्या घरासाठी तो टाळावा. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर घर आहे, पण गाड्यांची जागा आणि पाण्याची मोटर बेसमेंटमध्ये आहे, तिथेही पुराच्या आठवड्यात राहणं कठीण होतं हे ध्यानात ठेवावं. आणि घर घेतलंच, तर पुराचं संरक्षण असलेला गृहविमा काढावा. २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पुराचा समावेश आहे आणि फ्लॅटसाठी तिचा हप्ता फारसा जड नसतो.

स्वस्त मिळणाऱ्या जागांचा आणखी एक प्रकार बडोद्यात आहे आणि मराठी माणसाला त्याची ओढ जास्त. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी, नवापुरा इथले जुने वाडे आणि पोळांतली घरं. गायकवाडी सरकारच्या चाकरीत आलेली कुटुंबं या भागांत वसली, आणि मागे-पुढे खोल्या काढून त्यांनी भाडेकरू ठेवले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा इथे आला. गुजरात वेगळं राज्य झाल्यावरही तो चालू राहिला. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणं हा त्याचा हेतू होता, आणि त्या काळी तो गरजेचाही होता. पण प्रमाणित भाडं गोठून राहिलं. महागाई वाढत गेली, भाडं काही रुपयांतच अडकलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला इतक्या कमी भाड्यात दुसरीकडे जागा मिळेना. छप्पर गळू लागलं तरी दोघेही तिथेच. कितीतरी देखणे लाकडी वाडे असे खचत गेले. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, त्यातल्या भित्तिचित्रांमुळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे म्हणून वाचला. बाकीच्यांना असं छत्र नव्हतं.

आज अशा वाड्यात ‘भाडेकरूसकट’ जागा स्वस्तात विकायला निघते. वारसांना वाटणी हवी असते, म्हणून भावही कमी सांगतात. नवख्याने यात पडू नये. मालक बदलला तरी भाडेकरूचा हक्क बदलत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो, त्याच अटींवर, त्याच भाड्यावर. रिकामी करून घेण्याचा दावा किती वर्षं चालेल हे कुणीही सांगू शकत नाही. शिवाय वारस बरेच असतात, त्यातले काही पुण्यात, काही परदेशात, आणि एकाची सही राहिली तरी दस्तावेज लंगडा.

जुन्या शहरात आणि आसपासच्या बऱ्याच भागांत अशांत धाराही लागू आहे. १९९१ च्या या कायद्याने जाहीर केलेल्या भागात मालमत्तेच्या हस्तांतराआधी कलेक्टरची परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही. आपली इमारत त्या यादीत आहे का हे बानाखत (खरेदीचा करार) करण्याआधी पाहून घ्यावं, नंतर नको.

कागदपत्रांवर मी लांबण लावत नाही, पण जे लागतं ते लागतंच. जमीन बिनखेती झाली आहे का, इमारतीला महापालिकेची किंवा वुडाची (नगरविकास प्राधिकरणाची) बीयू परमिशन, म्हणजे वापराची परवानगी, आहे का, वकिलाने सब-रजिस्ट्रार कचेरीत तीस वर्षांचा शोध घेतला आहे का, सोसायटीचं ना-देय प्रमाणपत्र आणि घरवेऱ्याची पावती आहे का. नवं बांधकाम असेल तर गुजरेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बघावं आणि कार्पेट एरिया लिहून घ्यावा. ‘सुपर बिल्टअप’ १,१०० फूट सांगितलेल्या घरात प्रत्यक्ष वापरायला ६५० फूट निघू शकतात, आणि भाडेकरू वापरायच्या फुटांचंच भाडं देतो. बीयू नसलेल्या इमारतीला ‘इम्पॅक्ट फी भरून नियमित करून घेऊ’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

काही रक्कम रोखीने मागितली जाईल. जंत्रीचे (सरकारी मूल्यांकनाचे) दर आणि बाजारभाव यांतलं अंतर हे त्याचं कारण. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातने जंत्री दुप्पट केली तरी ते पूर्ण मिटलेलं नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला कायद्याने बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्याचंही नुकसान आहे: रोख दिलेली रक्कम दस्तावेजात येत नाही, म्हणजे पुढे विकताना तुमची खरेदी किंमत कमी दिसते आणि नफ्यावर कर जास्त बसतो. कष्टाचा पांढरा पैसा काळा करून घरात घालण्यात शहाणपण नाही.

घर हातात आल्यावर भाडेकरू निवडायचा. इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. बडोद्याच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध भाडेकरू म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून, करारानुसार चाकरी करायला ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात आले. महाराजांचे अधिकारी, परदेशी शिकलेले, आणि शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

शंभर वर्षांनंतरही आपल्या सोसायट्यांत भाडेकरूला पहिला प्रश्न आडनावाचा असतो. २०२४ च्या जूनमध्ये हरणीतल्या एका सरकारी घरकुल वसाहतीत, रीतसर घर मिळालेल्या मुस्लीम महिलेला तिथे येऊ देऊ नये म्हणून रहिवाशांनी निवेदन दिलं. हे चूक आहे, आणि पैशाच्या दृष्टीनेही आत्मघातकी आहे. घर रिकामं राहण्याचा एक महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचा बारावा भाग. शहरात बदलीवर आलेल्या चांगल्या नोकरदाराला आडनाव ऐकून परत पाठवणारा मालक तो बारावा भाग स्वतःच्या हाताने टाकून देतो. भाडेकरूबद्दल विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: नोकरी कुठे, किती वर्षं, पगार बँकेत जमा होतो का, आधीचं घर का सोडलं, आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर. तो फोन जरूर करा. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर तो माणूस कितीही सज्जन असला तरी सहाव्या महिन्यात अडचणीत येईल.

कराराबद्दल दोन गैरसमज खोल रुजलेले आहेत. पहिला, ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो आणि भाडं देतो, म्हणजे तो तुमचं मालकपण मान्य करतो. नुसत्या वर्षांच्या गणतीने त्याला मालकी मिळत नाही. दुसरा, ‘अकरा महिन्यांचा करार केला की सगळं सुरक्षित’. अकरा महिन्यांचं कारण एवढंच की एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने सक्तीची आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी करावीच लागते. पुण्यात घर असलेल्या बडोदेकरांनी तिथे इथली नोटरीची पद्धत वापरू नये. बडोद्यात करार दर अकरा महिन्यांनी नव्याने करा, भाडेवाढीचा दर, नोटिशीची मुदत, रंगकाम कुणाचं, मेंटेनन्स कुणाचं हे त्यात लिहा, आणि भाडं फक्त बँकेत घ्या. पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्यानुसार भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी लागते. ती न दिल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो. भाडं थकलं तर वीज-पाणी तोडण्याच्या फंदात पडू नका. त्याने भाडेकरूची बाजू कोर्टात मजबूत होते. लेखी नोटीस, मग वकील.

किल्ली देतानाचा अर्धा तास फार मोलाचा असतो. भाडेकरूला सोबत घेऊन खोलीखोलीत फिरा, नळ सोडून बघा, मीटरचं रीडिंग आणि गॅसच्या पाइपलाइनचं रीडिंग यांचा फोटो काढा, पंखे किती, किल्ल्या किती, बाथरूमच्या आरशाला तडा आहे की नाही हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. घर सोडताना डिपॉझिटवरून होणारी भांडणं या कागदाअभावी होतात. आणि डिपॉझिट परत करायचं असतं हे मालकांनीही लक्षात ठेवावं. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांना पाठवलेल्या आदर्श भाडेकायद्यात राहत्या घरासाठी ते दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच धरलं आहे.

कराचं थोडक्यात. मिळालेल्या भाड्यातून भरलेला घरवेरा वजा होतो, उरलेल्यावर दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, म्हणून ‘घर घ्या, टॅक्स वाचेल’ हा जुना सल्ला आता बहुतेकांना लागू नाही. मुलगा अमेरिकेत किंवा कॅनडात आहे आणि घर त्याच्या नावावर आहे, अशी कुटुंबं बडोद्यात गल्लोगल्ली आहेत. अशा घराचं भाडं कितीही कमी असलं तरी ते देताना भाडेकरूला सुमारे ३१ टक्के कर कापावा लागतो, आणि रक्कम सहसा मुलाच्या एनआरओ (अनिवासी) खात्यात जमा होते. भाडेकरूंना हे माहीत नसतं, म्हणून करार करतानाच सांगावं.

ज्यांना भाड्याचं उत्पन्न हवं आहे पण नळ, नोटिसा आणि सोसायटीच्या सभा नको आहेत, त्यांच्यासाठी २०१९ पासून शेअर बाजारात रिट (स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास) आहेत. मुख्यतः मोठ्या शहरांतल्या ऑफिस इमारतींचं भाडं ते गोळा करतात आणि वाटण्याजोग्या रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम त्यांना गुंतवणूकदारांना द्यावीच लागते. काहीशे रुपयांत एक युनिट मिळतं आणि बाजार चालू असेल त्या दिवशी विकताही येतं. भाव खाली-वर होतो, पण तो घराचाही होतो, फक्त रोज दिसत नाही.

तरीही घरच घ्यायचं ठरलं असेल, तर घाई करू नका. ज्या वस्तीत घ्यायचं आहे तिथे आधी भाडेकरू म्हणून फोन फिरवा, दहा घरांची भाडी विचारा, कुठली घरं महिनोन्‌महिने रिकामी आहेत ते पाहा. मग जून ते सप्टेंबरमध्ये एखाद्या जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी तिथे पायी जा. टोकनचा चेक त्यानंतर लिहा.